अडवलेल्या पाण्यावरचे पक्षी

पुण्यातल्या हिवाळी पक्षिनिरीक्षणाविषयी कुणी बोलू लागले की बोलणे सहसा सैबेरियापासून सुरू होते. हजारो किलोमीटरचा प्रवास, हिमालयाची ओलांडणी, आणि मग पाषाणच्या तलावावर किंवा येरवड्याच्या नदीपात्रात उतरलेले बदकांचे थवे. हे सगळे खरेच आहे. पण पक्षी कुठून येतात हे कळले म्हणून ते इथेच का उतरतात हे कळत नाही. दख्खनचे पठार पाणपक्ष्यांना आपणहून फारसे काही देत नाही. खाली काळा कातळ, वर कुठे हातभर तर कुठे पुरुषभर माती, चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने उताराने वाहून जाणारे किंवा आटत जाणारे पाणी. इथे नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. लोणार आहे, पण तेही उल्कापाताने पडलेल्या विवरात साचलेले. पुणे शहरात आणि भोवताली आज जे तळे दिसते ते कुणीतरी, कधीतरी, कसल्या तरी गरजेपोटी बांधलेले आहे. म्हणून पुण्याचे हिवाळी पाणपक्षी हा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासाचा भाग आहे असे मी मानतो, आणि तो इतिहास बाजूला ठेवून या पक्ष्यांना राखण्याचे जे उपाय केले जातात ते फसतात, हेही त्याला जोडून सांगायला हवे.

सुरुवात पेशवाईपासून करावी लागते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. त्याच काळात आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, आणि त्या तळ्यातल्या बेटावर पुढे सवाई माधवरावांच्या काळात गणपतीचे देऊळ उभे राहिले. इंग्रजी अमलात लष्कराची तहान वाढली. येरवड्याजवळ सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला. बंडगार्डनला त्याचेच नाव मिळाले. गणेशखिंडीत गव्हर्नरांचे निवासस्थान बांधले गेले त्या सुमारास रामनदी अडवून पाषाणचा तलाव झाला. आणि १८७९ मध्ये मुठेवरचे खडकवासल्याचे दगडी धरण पूर्ण झाले. कर्नल फाइफ यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. या धरणाच्या कालव्यांनी शहराला, लष्कराला आणि खालच्या शेतीला पाणी दिले. सुमारे सव्वाशे वर्षांत, जिथे डिसेंबरात नदीचे डोह आणि वाळूचे पट्टे तेवढे उरत, तिथे बारमाही पाण्याची एक मालिका तयार झाली.

धरणाची भिंत आणि तिच्यालगतचे खोल पाणी पक्ष्यांच्या फारसे उपयोगाचे नसते. त्यांच्या कामाचा असतो तो फुगवटा, म्हणजे जलाशयाची वरची शेपटी, जिथे पाणी उथळ होत होत शेतांत आणि गवतात विरून जाते. ऑक्टोबरात तलाव भरलेला असतो. मग पिण्यासाठी आणि रब्बीच्या आवर्तनांसाठी पाणी सुटत जाते, पातळी खाली येते, आणि दर आठवड्याला ओल्या चिखलाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. शेतकरी त्याला गाळपेर जमीन म्हणतात आणि तिच्यावर पीक घेतात. पाणपक्षी त्याच पट्ट्यावर पोट भरतात. टिलव्याला बोटभर पाणीही जास्त होते, त्याला नुसता ओला चिखल पुरतो. तुतवार पाण्याच्या काठाने शेपूट हलवत चालतो. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांच्या बळावर वीतभर पाण्यात उतरतो. तलवार बदके आणि भुवई बदके पाण्यावर तरंगता तरंगता मान खाली घालून, शेपटी वर करून तळ गाठतात, म्हणून त्यांच्या मानेच्या लांबीपेक्षा खोल पाणी त्यांना निरुपयोगी. त्याहून खोल पाणी वारकरी आणि लालसरी यांच्यासारख्या बुडी मारणाऱ्यांचे. एकाच काठावर सेंटीमीटरासेंटीमीटराने अशी वाटणी झालेली असते. नोव्हेंबर ते मार्च हा स्थलांतरित बदकांच्या मुक्कामाचा काळ आणि रब्बीसाठी जलाशय उतरत जाण्याचा काळ एकच आहे. हा जुळून आलेला योग कुठल्याही अभियंत्याने योजलेला नव्हता. पण महाराष्ट्राच्या पठारावरची पाणपक्ष्यांची बहुतेक मोठी ठिकाणे त्याच्यावरच उभी आहेत. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हा पाटबंधाऱ्यासाठी बांधलेला बंधारा. गाळाने उथळ झाला आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. भिगवणचा फुगवटा उजनी धरणाचा, आणि ते धरण १९८० चे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. धरणांच्या आधीही पक्षी येतच होते. चक्रवाक तर संस्कृत काव्यापासून नदीकाठी आहे, आणि पुणे परिसराची पक्षिसूची खडकवासल्याच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनभर हिंडलेले कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे या प्रदेशातल्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी मांडली, आणि तिच्यात बदकेही आहेत. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. नदीचे पक्षी नदीवर होतेच. चक्रवाकाला मोकळा वाळूचा किंवा गवताळ काठ आणि शेजारी शेत हवे असते. धोबी आणि तुतवार ओढ्याच्या खडकांवरही खूश असतात. मात्र यादी ही हजेरी असते, संख्या नसते. एखादी जात आढळली, एवढेच ती सांगते; थवा किती, मुक्काम किती दिवसांचा, हे तिच्यातून निघत नाही. शिवाय सायक्सच्या काळातला दख्खनही पाणी अडवणाऱ्यांचाच मुलूख होता. कात्रजचे तलाव तेव्हा पाऊणशे वर्षांचे झाले होते, आणि गावोगावची जुनी तळी त्याहून जुनी. तेव्हा पक्षी धरणांनी निर्माण केले असे मी म्हणत नाही. मध्य आशियातून दक्षिणेकडे जाणारा हा मार्ग माणसाच्या बांधकामांहून फार प्राचीन आहे. पण त्या मार्गावरचे थांबे कुठे पडावेत, आणि एका रात्रीच्या विसाव्याच्या जागी चार महिन्यांचा मुक्काम कुठे व्हावा, हे गेल्या दीड-दोनशे वर्षांत बंधाऱ्यांनी ठरवले.

पाहणाऱ्यांचा इतिहासही याच पाण्याकाठचा आहे, आणि त्याचा पहिला अध्याय बंदुकीचा. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे तो पाडायचा, कातडे भरून ठेवायचे आणि मापे घ्यायची. मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि रेल्वेतले अभियंते वेंडेन यांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर दीर्घ लेख लिहिला तो ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात. त्याचे संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. १८८५ मध्ये त्यांनी आपला प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि त्याच वर्षी काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात, पर्वतीच्या तळ्याजवळच्या हिराबागेत भरवायचे ठरले होते. कॉलऱ्याच्या साथीमुळे ते ऐन वेळी मुंबईला हलवावे लागले. ह्यूम यांच्या या दोन आयुष्यांची गाठ पुण्यातल्या एका तळ्याकाठी पडता पडता राहिली, याची नोंद कुठेतरी व्हावी असे मला वाटते. शिकारी आणि संग्राहक यांच्यातली सीमा तेव्हा पुसट होती. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुण्यांनी ४,२७३ पक्षी पाडले, यावरून त्या काळच्या हिवाळी तळ्यांकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई याचा अंदाज येतो. १९४१ मध्ये सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि बंदूक न चालवणाऱ्या माणसाच्या हातात ओळखीचे साधन पडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग कायद्यापुरते संपवले. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढली आणि पक्ष्यांकडे सुट्या जातींची यादी म्हणून न पाहता अधिवासाची प्रकृती सांगणारे साक्षीदार म्हणून पाहण्याची शिस्त अनेकांना लावली. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होऊ लागली. आता तर महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्ली यांची जन्मतारीख ते १२ नोव्हेंबर ही सालिम अलींची, असा पक्षी सप्ताह साजरा होतो. या सगळ्या काळात निरीक्षक उभा राहिला तो बंधाऱ्यावर, पुलावर, कालव्याच्या भरावावर. उंच, कोरडी, पाण्यात घुसलेली जागा त्याला मिळाली तीही त्याच बांधकामाने दिलेली.

१९६१ नंतर या कहाणीला वेगळे वळण लागले. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि शहर पुन्हा उभे राहताना झपाट्याने पसरले. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांवर गेली होती. धरणे पुन्हा बांधली गेली, वर आणखी झाली, आणि पावसाळा सोडला तर शहरातल्या मुठेत वाहते ते मुख्यतः शहराने वापरून सोडलेले पाणी. नदीचे असे झाले याचे दुःख व्हायलाच हवे. पण पक्ष्यांच्या बाजूने जे घडले ते सरळ नव्हते. मैलापाण्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. त्यावर सूक्ष्म शैवाल आणि जीव माजतात, आणि तळाच्या चिखलात न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या वाढतात. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात, जिथे मासे मरतात. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना हे आयते अन्न. थापट्या बदकाचे पाहा. त्याची चोच टोकाला पसरट असते आणि तिच्या कडांना आतून फणीसारखे बारीक दाते असतात. चोच पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवून ते पुढे सरकते, पाणी आत घेते, कडांनी बाहेर सोडते, आणि दात्यांत अडकलेले गिळते. अनेक थापटी एकामागे एक लागून गोल फिरतात. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले अन्न मागच्याला मिळते. अशा पक्ष्याला मुळा-मुठेचे पोषणद्रव्यांनी दाट झालेले संथ पाणी सोयीचे ठरले. येरवडा-कल्याणीनगरकडच्या ज्या पट्ट्याला लोक सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतात, आणि त्याहून खाली कवडीच्या जुन्या बंधाऱ्यावर, हिवाळ्यात जी गर्दी होत आली तिच्यामागे हे कारण आहे.

मग प्रदूषण पक्ष्यांना चांगले, असे म्हणायचे का? हा दुसरा आक्षेप, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. थोडे पोषण अन्न वाढवते. फार झाले की पाणी जीवघेणे होते. प्राणवायू संपला की मासे जातात, आणि मासे गेले की पाणकावळे, मीनखाई घार, खंड्या यांचे पोट जाते. जलपर्णी तळ्यावर पसरली की उघडे पाणी बुजते. पाषाणला हे वर्षानुवर्षे दिसते आहे. तिच्यात जांभळ्या पाणकोंबड्या खुशाल राहतात, पण थव्याने उतरणाऱ्या बदकांना उतरायला जागा उरत नाही. कवडीला पांढरा फेस आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये शेकाटे उभे असतात. शेकाटे आहेत म्हणून जागा निरोगी आहे असा निष्कर्ष काढणे घातक आहे. बदलत्या परिस्थितीत टिकून राहणाऱ्या मोजक्या जातींची संख्या वाढणे हे अनेकदा इतर जातींच्या जाण्याचेच लक्षण असते. तरीही या आक्षेपाच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या अर्थसाहाय्याने पुण्यात ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्प हाती घेतले गेले. ते व्हायलाच हवेत, कारण नदीच्या खाली दौंड-इंदापूरची माणसे आणि त्यांच्या विहिरी आहेत. पण पाणी शुद्ध होईल तेव्हा पक्षी आपोआप वाढतील ही अपेक्षा चुकीची ठरू शकते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या किनाऱ्यावर मैलापाण्याच्या मुखांशी हजारोंनी हिवाळा काढणारी स्कॉप बदके १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाल्यावर जवळजवळ नाहीशी झाली. पाणी सुधारले, म्हणजे त्या बदकांचे ताट उचलले गेले. तिथल्या प्रक्रियेविरुद्ध कुणी शहाणा माणूस बोलणार नाही. मात्र इथे पाणी शुद्ध करताना उथळ काठ, चिखल आणि काठची नैसर्गिक वनस्पती राखली नाही, तर घाणीवर जगणारे जातील आणि स्वच्छ पाण्यावर जगणारे येणार नाहीत, असा मधला काळ फार लांबेल.

बागांमधल्या पक्ष्यांची गोष्ट थोडी निराळी आहे, पण फार नाही. एम्प्रेस बागेतून कालव्याच्या पाण्याचा प्रवाह जातो आणि त्याच्या काठच्या जुन्या झाडीत हिवाळी माशीमार आणि पर्णवटवटे येतात. भर कोरड्या टेकडीवर ते इतके मिळत नाहीत. भोरड्यांचे नाते पाण्याइतकेच ज्वारीशी आहे. शाळू दाण्यावर आला की हे थवे सोलापूर-नगरच्या शिवारात उतरतात, शेतकरी माळ्यावरून गोफण फिरवतो. आणि काढणीच्या सुमारास पळस, पांगारा, सावर फुलली की त्याच भोरड्या शहरातल्या झाडांवर मधासाठी आणि वड-पिंपळावर फळांसाठी भांडताना दिसतात. हिवाळी पक्षी शहराची हद्द मानत नाही. त्याचा दिवस शिवारात सुरू होऊन बागेत मावळतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो बहुधा विकासाच्या बाजूने येतो. हे सारे माणसाने बांधलेले असेल तर त्याला पवित्र का मानायचे? एक तळे गेले तर दुसरे बांधू. नदीकाठ नीटनेटका करू, पायवाट करू, पक्ष्यांसाठी चार झाडे लावू. यातले पहिले वाक्य बरोबर आहे. पवित्र मानण्याची गरज नाही. पण बांधलेली वस्तू कशी चालते हे समजून घेण्याची गरज मात्र आहे, आणि नेमकी तीच बाजूला पडते. पर्वतीच्या पायथ्याचे तळे गेले आणि सारसबाग झाली. गणपती तिथेच आहे, भोवतीचे पाणी नाही. बाग सुंदर आहे, पुणेकरांची लाडकी आहे, पण शहराने पाणपक्ष्यांचा एक मुक्काम गमावला, ही वजाबाकी कुठल्याच हिशेबात आली नाही. तलाव ‘स्वच्छ’ करायचा म्हणून गाळ उपसून तळ सगळीकडे सारखा खोल केला आणि काठाला दगडी भिंत घातली, तर पाणी तेवढेच राहते आणि पक्ष्यांची जागा शून्यावर येते, कारण सेंटीमीटरांची ती वाटणी भिंतीपाशी संपते. मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठांसाठी आखलेली आणि २०२२ मध्ये भूमिपूजन झालेली नदीकाठ सुधार योजना याच कसोटीवर तपासावी असे मला वाटते. पुराची भीती खरी आहे, ती १९६१ ने पुण्याला शिकवली आहे. पण पुराच्या पाण्याला हवे असते ते पसरायला पात्र, आणि उथळ काठ नेमके तेच देतो. भराव घालून काठ पुढे आणला की पात्र अरुंद होते. इथे पक्ष्यांचे हित आणि नदीकाठी राहणाऱ्या माणसाचे हित एकाच बाजूला आहे. दुसरे तळे बांधू म्हणणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: फुगवट्याला गाळ साचून योग्य उतार यायला, पाणवनस्पती रुजायला आणि पक्ष्यांच्या पिढ्यांना ती जागा ठाऊक व्हायला दशके लागतात. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि तिथे अभयारण्य जाहीर झाले १९८६ मध्ये.

पुण्यात पक्ष्यांना त्यांच्या जागी राखायचे तर त्या जागांना बाग म्हणून नव्हे, चालू पाटबंधारा म्हणून सांभाळावे लागेल. येरवड्याच्या ज्या पट्ट्याला लोकांनी अभयारण्य म्हटले त्याला वन्यजीव कायद्याखालच्या अभयारण्याचा दर्जा नाही, पण केवळ दर्जा मिळून पाण्याची खोली राखली जात नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, तरी तिथल्या रोहितांचे भवितव्य अजूनही भरती-ओहोटीच्या चिखलावर आणि आजूबाजूच्या शहरांच्या सांडपाण्यावरच अवलंबून आहे. पाषाणसारख्या तलावात निदान एका बाजूचा काठ विनाभिंतीचा आणि गाळासकट ठेवणे, जलपर्णी पक्षी येण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरातच काढणे, आणि हिवाळाभर पातळी एकदम न पाडता हळूहळू उतरू देणे, ही कामे खर्चिक नाहीत. त्यांना लागणारी माहितीही आहे, फक्त ती दोन ठिकाणी विखुरली आहे. जलसंपदा खाते धरणांची पातळी रोज नोंदवते. पक्षिनिरीक्षकांच्या वह्यांत तारीख, जागा आणि संख्या असते, पण त्या दिवशी पाणी कुठवर होते हे क्वचितच लिहिलेले असते. जानेवारीच्या गणनेला जाणाऱ्या प्रत्येक गटाने काठावर एक खूण धरून त्या दिवसाची पातळी आणि उघड्या चिखलाची रुंदी पक्ष्यांच्या संख्येशेजारी नोंदवली, तर पाच-सात हिवाळ्यांत प्रत्येक तळ्याला कोणत्या महिन्यात किती पाणी हवे याचा तक्ता तयार होईल, आणि महापालिकेच्या अभियंत्याशी बोलताना निरीक्षकाच्या हातात कळकळीबरोबर आकडाही असेल.